इद्दतीतली वसुली

नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर फोन आला. घरात बायका बसल्या होत्या. फोन माझ्या उशाशी होता, कारण मुलाला तो हातात घेववत नव्हता. मी उचलला. पलीकडे एक मुलगी होती. तिने त्यांचं पूर्ण नाव घेतलं आणि ते आहेत का विचारलं.

मी म्हटलं, "नाहीत. कब्रस्तानात आहेत."

"मग कधीपर्यंत येतील, मॅडम?"

"तिथून येत नसतात."

ती म्हणाली, "त्यांच्या क्रेडिट कार्डाचं पेमेंट बाकी आहे. तुम्ही त्यांच्या कोण?"

नवऱ्याकडे क्रेडिट कार्ड होतं हे मला असं कळलं. मुलाला ते माझ्याकडून कळलं.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा आणि गाद्या-उशा भरायच्या, हा धंदा. अमळनेरला रस्त्याकडेला दुकान आणि मागे घर. दुकानात कापूस पिंजायचं मशीन, घरात शिलाईचं. खोळी मी शिवायची, भरायचं आणि टाके घालायचं काम बापलेकांचं. घरात आम्ही खानदेशीच बोलतो. नमाज सोडली तर उर्दूशी आमचा फारसा संबंध नाही. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. वाचता येतं, लिहिता येतं, बेरीज-वजाबाकी येते. एवढ्यावर आजवर माझं काही अडलं नाही.

शेवटची दोन वर्षं त्यांना दम लागायचा. आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेली, दुसरं काय होणार. धुळ्याला एका मोठ्या दवाखान्यात दाखवत होते. मी विचारायची, पैसे कुठून आणता? म्हणायचे, आहेत. ते 'आहेत' म्हणजे हे कार्ड होतं. बँकेत खातं होतं, तिथे कोणी तरी म्हणालं कार्ड घ्या, यांनी घेतलं. या माणसाला जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नाही. कार्डावर दवाखाना झाला, औषधं झाली, आणि मशीनची मोटर जळाली तेव्हा नवी मोटर आली. बँक दर महिन्याला सांगायची, कमीत कमी इतके भरा. त्यांना वाटलं, हा हप्ता आहे. फ्रीजचे हप्ते भरले तसे हेही भरत राहिले आणि कर्ज उतरतंय असं समजत राहिले. ते उतरत नव्हतं, चढत होतं. शेवटच्या आजारपणात तेवढं भरणंही थांबलं आणि आकडा लाखाच्या वर गेला. हे सगळं मला नंतर, तुकड्यातुकड्यानं समजलं.

आता मुलाचं सांगते. आमच्यात जनाजाच्या नमाजाआधी मयताचा वारस लोकांसमोर उभा राहून सांगतो, की माझ्या वडिलांकडे कोणाचं देणं निघत असेल तर त्याने माझ्याकडे यावं, मी देईन, नाहीतर माफ करावं. देणं डोक्यावर घेऊन माणूस गेला तर त्याचा जीव अडकून राहतो असं आम्ही मानतो. माझा मुलगा उभा राहिला आणि तसं बोलला. सगळेच बोलतात. बहुतेक वेळा पुढे कोणी येत नाही. आमच्याकडे दोघं आले. कापसाचा व्यापारी आला आणि माफ केलं म्हणून गेला. चहावाला आला आणि पैसे घेऊन गेला. त्याचं बरोबर होतं, चहा आम्ही प्यायलो होतो. इकडे घरात बायकांनी मला घेरलं, मेहर, म्हणजे नवऱ्याने लग्नात कबूल केलेली रक्कम, माफ कर म्हणून. मी म्हटलं, मेहर त्यांनी लग्नाच्या वर्षीच दिलंय, आता मला जरा बसू द्या. मुलाला वाटलं, बाप मोकळा झाला.

मग हा फोन. दुसऱ्या वेळी तो मुलाने घेतला. मी समोर बसले होते. सरळ माणसाने बोलावं तसं तो बोलला, "वडील वारले. पण मी जनाजाच्या वेळी चारचौघांत शब्द दिलाय. त्यांचं जे असेल ते मी देणार."

पलीकडच्या माणसाला आणखी काय पाहिजे होतं? हे बोलणं त्यांच्याकडे टेप झालं. त्या दिवसापासून बापाच्या नावाने फोन यायचे थांबले आणि मुलाच्या नावाने सुरू झाले. "तुम्हीच कबूल केलंय, सर. ऐकवू का?" असं म्हणायचे आणि खरंच ऐकवायचे. कब्रस्तानात बोलायची गोष्ट याने बँकेला सांगितली होती. आमच्यासारख्या भोळ्या पिंजाऱ्याशिवाय हे कोणी केलं नसतं.

फोन वेगवेगळ्या नंबरांवरून यायचे. कोणी गोड बोलायचं, कोणी कडू. एकाने सुनेच्या भावाला फैजपूरला फोन केला आणि त्याला विचारलं की तुमचे पाहुणे बुडवे आहेत का. एक जण मुलाला म्हणाला, "मशीन उचलून नेऊ, मग कळेल." मुलाचं जेवण सुटलं. दिवसभर कापूस पिंजायचा आणि फोन वाजला की मशीन बंद करून तो नुसता बघत उभा राहायचा.

मी तेव्हा इद्दतीत होते. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, नटायचं नाही. नटण्याचं मला काही वाटलं नाही, या वयात कोण बघतंय. पण बाहेर पडता येत नव्हतं, नाहीतर मी दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन उभी राहिले असते. मुलाकडून त्यांचा मोबाईल काढून घेतला. म्हटलं, तू काम कर, मी बसूनच आहे.

त्याने मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, मयताचं देणं मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून द्यायचं. मुलगा घरी आला आणि म्हणाला, "अम्मा, मशीन अब्बांच्या पैशाचं आहे. विकून टाकतो. जामनेरचा एक जण घ्यायला तयार आहे. ईदनंतर येतो म्हणाला."

"आणि तू काय करणार?"

"कोणाच्या तरी दुकानात लागेन. फोमच्या गाद्या विकायला."

"त्या मशीनमध्ये माझा आठवा हिस्सा आहे," मी म्हटलं. नवऱ्याच्या मागे बायकोला आठवा हिस्सा मिळतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "माझा आठवा तू कुठून कापून देणार? मोटर देतोस की पट्टा?"

तो हसला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसला. पण जामनेरच्या माणसाला त्याने नाही सांगितलं नाही. ईद दोन महिन्यांवर होती.

मशीन गेलं की धंदा गेला, हे मला दिसत होतं. हाताने कापूस पिंजायचे दिवस संपले. पिंजारी म्हणून आमच्याकडे जे काही उरलं होतं ते तेवढंच. आणि त्याने शब्द मोडावा असंही मला वाटत नव्हतं. कर्ज नवऱ्याचं होतं, औषधं त्यांनीच खाल्ली होती. द्यायला पाहिजे होतं. फक्त मशीन विकून नाही.

इद्दतीत बाईला भेटायला बायका येतात. येतात, बसतात, रडतात, जातात. एका दुपारी बाजार समितीतल्या एका अडत्याची बायको आली. बरी सुखवस्तू बाई. माझा हात हातात धरून म्हणाली, "चाची, चाचा देवमाणूस होते हो. कधी पैशासाठी तोंड उघडलं नाही त्यांनी."

मी म्हटलं, "म्हणून तर तुमच्या पोरीच्या लग्नातल्या गाद्यांचे राहून गेले."

तिने हात सोडला. खोलीत आणखी तिघी होत्या, त्यांनी खाली बघितलं. मला काही वाईट वाटलं नाही. त्या गाद्यांच्या खोळी मी शिवल्या होत्या, फुलाफुलांचं कापड तिने स्वतः आणून दिलं होतं. ती म्हणाली, "राहिलेत का? आमच्या यांना विचारते." दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दुकानावर येऊन पैसे देऊन गेला. वर म्हणाला, चाचांनी कधी मागितलेच नाहीत, आम्हीही विसरलो.

पैसे हातात आले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मौलानांनी मालमत्ता म्हटलं आणि आम्ही दोघं मशीनकडे बघत बसलो. लोकांकडे अडकलेलं तेही मालमत्ताच की. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यांनी कधी काही लिहिलंच नाही. पण लग्नाच्या गाद्या घरोघरी होत्या आणि गाद्या लपवता येत नाहीत. आमच्यात मयताने कोणाचं द्यायचं ते विचारतात. मयताला कोणी द्यायचं ते कोणी विचारत नाही. मी विचारायला लागले.

जी भेटायला येईल तिला विचारायचं. आधी रडू द्यायचं, पाणी द्यायचं, मग विचारायचं. काही जणी लगेच कबूल व्हायच्या. काही म्हणायच्या, बघते. त्या बघतेवाल्यांचं काय करावं मला कळत नव्हतं. तेवढ्यात त्या वसुलीवाल्या मुलीचा फोन आला. ही पहिल्या दिवसाचीच मुलगी, आता आवाज ओळखीचा झाला होता.

"काकू, आज काही भरणार का?"

"भरणार. आधी तू मला एक सांग. एखादा देतो म्हणतो आणि देत नाही, तेव्हा तू काय करतेस?"

"म्हणजे?"

"अगं, तुझा धंदा आहे ना हा?"

ती हसली. म्हणाली, "काकू, देतो म्हटलं की आम्ही तारीख मागतो. तारीख दिली की आदल्या दिवशी फोन करतो. तारखेला करतो. दुसऱ्या दिवशी करतो."

"शिव्या देत नाहीस?"

"मी नाही देत. दुसऱ्या टीमचे देतात. त्याने पैसे येत नाहीत, काकू, माणूस फोन बंद करतो."

मी तेच सुरू केलं. देतो म्हटलं की तारीख. आदल्या दिवशी फोन. नंबर सून लावून द्यायची. फोन त्यांच्याच मोबाईलवरून जायचा, समोरच्याला त्यांचंच नाव दिसायचं. मयताचा फोन आलेला बघून माणसं पहिल्या घंटीला उचलायची. एक जण उचलून नुसता "या अल्लाह" म्हणाला. मी म्हटलं, "मी आहे. चार उशा आणि दोन रजया."

धुळ्याहून नणंद आली, ती हे ऐकून तापली. "भाभी, लाज वाटू दे. माझ्या भावाची माती वाळली नाही आणि इद्दतीत बसून वसुली करतेस? परक्या पुरुषांशी फोनवर बोलतेस?"

"तुझ्या भावाने परक्या पुरुषांना गाद्या दिल्या, मी काय करू?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, बघतो. मी म्हणते, तारीख सांगा."

"भाऊ असता तर त्याला आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," मी म्हटलं. "त्यांना आवडेल तसं केलं म्हणून तर ही वेळ आली."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी फोनवर एकाशी बोलत होते, तर मधेच म्हणाली, "त्याच्या साल्याच्याही गाद्या आपल्याकडूनच गेल्यात, त्याचंही विचार." मौलानांना तिने स्वतःच निरोप पाठवून विचारून घेतलं होतं. कामापुरतं बोलायला हरकत नाही, असं त्यांचं उत्तर आलं होतं.

माझ्याकडून एक चूक झाली. गल्लीतल्या एका शिक्षिकेला मी बाकी विचारली. ती म्हणाली, "अक्का, मी चाचांना पैसे दवाखान्यात नेऊन दिले होते. धुळ्याला. तुम्ही तिथेच बाकावर झोपला होतात." तिने दवाखान्याचा मजला सांगितला, त्या दिवशी कोण डॉक्टर होते ते सांगितलं. मी म्हटलं, "माझं चुकलं." त्यानंतर मी 'राहिलेत' म्हणणं सोडलं आणि 'राहिलेत का' म्हणायला लागले.

मग एक दिवस वसुलीचा माणूस घरीच आला. मोटारसायकल लावली आणि दुकान सोडून मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. सुनेने पडदा ओढला. मी आत, तो बाहेर. आवाजावरून आमच्याच भागातला वाटला, म्हणून मी खानदेशीतच बोलले.

"अक्का, आत येऊ का?"

"नको. मी इद्दतमा शे. तठूनच बोल."

"म्हणजे पडद्यालाच सांगू?"

"पडद्यालाच सांग. पडद्याले कान शेत."

तो हसला आणि मग कामाचं बोलायला लागला. मुलाने शब्द दिलाय, रक्कम मोठी आहे, वरून दबाव आहे. मी त्याला विचारलं, "मयतीले बठ्ठं गाव व्हतं. तुन्ही बँक उनी व्हती का? शब्द तर तठे दिधा व्हता."

"अक्का, बँक कशाला येईल मयतीला? आणि मी बँकेचा नाही. मला कामाला लावलेलं आहे."

"पगार कितला शे?"

"पगार कसला. आणलं तर टक्का."

"मंग मन्हासारखंच. मन्ही बी वसुलीच चालू शे."

त्याला ते खरं वाटलं नाही. सुनेने चहा नेऊन दिला आणि सगळं सांगितलं, कोणाकडून आले, कोणाचे राहिलेत. तो पायरीवर बसून ऐकत होता. चहा संपल्यावर हळूच म्हणाला, "अक्का, एक सांगतो, माझं नाव घेऊ नका. रोख पैसे कोणाच्या हातात देऊ नका, माझ्याही नाही. मृत्यूचा दाखला घेऊन जळगावला शाखेत जा. मयताचं कार्ड आहे, व्याज आणि दंड कमी करा म्हणून लेखी मागा. करतात ते. फोनवरच्यांना ते सांगायचं नसतं."

"मंग तोपावत तू वर काय सांगशी?"

"सांगेन, बाई पडद्यामागे आहे, हप्ता दिसत नाही."

दाखला मुलाने नगरपालिकेतून आणून ठेवला. पैसे थोडे थोडे जमत होते. पण सगळ्यात मोठी बाकी एकाकडेच होती आणि तो माणूस हलत नव्हता. आमच्याच समाजातला. गावाबाहेर त्याचं लग्नाचं लॉन आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथल्या खोल्यांसाठी गाद्या, लोड, तक्के असा मोठा माल नेला आणि थोडेसेच पैसे दिले. मशिदीत पहिल्या रांगेत असतो. माझ्या मुलाने जनाजाच्या वेळी शब्द दिला तेव्हा हा त्याच्या शेजारी उभा होता आणि ऐकून मान हलवत होता, असं मुलानेच मला सांगितलं.

मी फोन केला. "भाभी, रमजान तोंडावर आलाय. ईद होऊ द्या."

"ईदनंतर कोणती तारीख?"

"ईदनंतर बसून बोलू."

ईदनंतर जामनेरचा माणूस मशीन न्यायला येणार होता. ते मी याला सांगितलं नाही. त्याला काय करायचं होतं? तारीख त्याने दिलीच नव्हती, म्हणून मी रोजचाच फोन सुरू केला. त्याने उचलणं बंद केलं. मग त्याच्या मॅनेजरचा नंबर सुनेने शोधला. मॅनेजर म्हणायचा, शेठ नमाजाला गेलेत. मी म्हणायची, चांगलं आहे, आल्यावर सांगा.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या बायकोने एक पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. विधवेसाठी जकात. जकात म्हणजे आपल्या कमाईतला गरिबाचा हिस्सा, तो वर्षातून एकदा काढून द्यावाच लागतो. पाकिटात बऱ्यापैकी होते. बाई चांगली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. मी तिला बसवलं आणि तिच्याच फोनवरून तिच्या नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. तिचा म्हणून त्याने लगेच उचलला.

मी म्हटलं, "भाऊ, पाकीट मिळालं. गाद्यांच्या पैशात धरू का?"

"नाही भाभी, ती जकात आहे. अल्लाहच्या नावाची."

"मग परत पाठवते. माझ्या नवऱ्याचे पैसे तुमच्याकडे असताना मी जकात खाणारी कशी? आधी माझं द्या. मग उरेल त्याची जकात काढा आणि कोणा गरिबाला द्या."

"भाभी, असं बोलू नका."

"मी चौथी शिकलेली बाई. मौलानांना विचारा, मी चुकत असेन तर ते सांगतील. मी पाकीट घेऊन तुमची माफी मागेन."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिने पाकीट उचललं, पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "भाभी, किती गाद्या?" मी सांगितलं. ती उठून गेली.

त्याने मौलानांना विचारलं की नाही, मला माहीत नाही. घरात काय झालं तेही माहीत नाही, पण काहीतरी झालं असणार. चांदरात, म्हणजे ईदची आदली रात्र, व्हायच्या आधी मॅनेजर आला आणि सगळी बाकी देऊन गेला, एका पैशाची घासाघीस न करता. मुलाने मोजले. मग पुन्हा मोजले. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "अम्मा, जामनेरवाल्याला काय सांगू?"

"सांग, आईचा आठवा हिस्सा निघत नाहीये."

त्याने खरंच तसं सांगितलं. तो माणूस म्हणे बराच वेळ विचार करत होता.

इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा गाडीने जळगावला गेलो. इतक्या दिवसांनी चालले, तर रस्त्यावरच्या उन्हाने डोळे दुखले. शाखेत एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी दाखला बघितला, संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस का नाही आलात?" मी म्हटलं, "इद्दतीत होते." त्यांना कळलं नाही, मुलाने सांगितलं. त्यांनी आमच्याकडून अर्ज लिहून घेतला. मुलगा लिहीत होता, मी सांगत होते. मुलाच्या टेपचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलाने फोनवर काय म्हटलं त्यावर काही नसतं. वडिलांनी मागे जे ठेवलं त्याच्यापुरतंच देणं असतं." मौलानांनी तेच सांगितलं होतं. फक्त इथे पंखा चांगला होता.

त्यांच्या वरच्या ऑफिसातून उत्तर यायला काही आठवडे गेले. नवरा गेल्यानंतरचं व्याज काढलं, दंड काढला. जे उरलं ते आमच्याकडे जमलेल्या पैशात बसलं, वर थोडे राहिले. कापसाच्या व्यापाऱ्याला आता देऊन टाकू का, असं मुलगा म्हणत होता. मी म्हटलं, माफ केलं म्हणालाय ना, मग त्याचं पुण्य कशाला कमी करतोस. पुन्हा जळगावला जाऊन पैसे भरले आणि काही बाकी नाही असं पत्र घेतलं. त्यावर शिक्का नव्हता. मी शिक्का मागितला. मॅडम म्हणाल्या, आता शिक्क्याची गरज नसते. मी म्हटलं, मला आहे. त्यांनी मारून दिला.

स्टेशनबाहेर मुलाने मला भरीत-पुरी खायला घातली. मी दोन प्लेट खाल्ल्या. तो एकदम म्हणाला, "अम्मा, जुम्म्याला मशिदीत सांगू का, अब्बांचं सगळं फिटलं म्हणून?"

"कोणाला सांगणार? ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. त्यांनीच तर फेडलं."

अमळनेरला उतरून घरी जाताना तो कब्रस्तानात थांबला आणि बापाला सांगून आला. बायका आत जात नाहीत, मी बाहेर रिक्षात बसून राहिले. त्यांचा जीव मोकळा झाला की नाही ते मला माहीत नाही. माझा झाला.

दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. तिच्या यादीतून नाव निघालं होतं, तेवढं सांगायला तिने केला होता. "काकू, आता मी फोन करणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "नको करू. पण तुझ्या लग्नात गादी लागली तर सांग. रोख घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने मशीन लावलं. लग्नसराईचं काम अंगावर होतं, कापसाचा भुगा उडून घरात यायला लागला. तोंडाला फडकं बांध म्हणून मी त्याला ओरडले. त्याने बांधलं. मग मी मधलं दार ओढून घेतलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत झोपले.